बंदुकीची माशी

2025 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपल्या आईसह आलापल्लीच्या मिशनघरी आला. 1990 साली गडचिरोलीत उभ्या राहिलेल्या सी-60 पथकातला तो जवान. त्याला पाहताच झग्याआडचा माझ्यातला जुना एन. सी. सी. कॅडेट जागा झाला, हे मी वाचकांपाशी कबूल करतो.

आमच्या वेळची थ्री-नॉट-थ्री रायफल! तिचे लाकडी आवरण नळीच्या टोकापर्यंत पोहोचलेले असे. गोळ्या झाडून नळी तापली तरी हात भाजत नसे. मात्र खांदा भरून येई. पुढची माशी मागच्या खाचेत बसवताना आमचे उस्ताद श्वाससुद्धा रोखायला लावीत. त्या दोहोंत पन्नास सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर हलली, तर शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर चुकते. अंतर चाळीसवर आले की चूक पंचवीसवर जाते. ए. के. 47 मध्ये हे अंतर त्याहूनही थोडे कमी.

"तुला निवड दिली तर काय घेशील?" मी सहज विचारले.

"आम्हाला कोण निवडू देतो जी, फादर?" तो हसला. मग जरा विचार करून बोलू लागला. लांब हँडगार्ड असला तर डावा हात पुढे टाकता येतो, नळीचे टोक स्थिर राहते, टॉर्चही बसते. पण पुढचे वजन वाढते, आणि दिवसभर चालल्यावर ते मनगटाला कळते. शिवाय लांब नळी बांबूच्या रांजीत अडकते. म्हणून बंदूक आखूडच बरी.

नेमाचे काय? लाल ठिपक्याची काच सर्वांत जलद. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. आमच्या रानात पावसाळ्यात तीस पावलांपलीकडचे दिसत नाही, तेव्हा तीच घेशील, असे मी म्हणालो.

"नाही जी. मला दूरचं मोठं करून दाखवणारी काच पाहिजे."

"तिने तर वेळ जातो."

"जाऊ द्या. मार्चमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपान. पहाटेच्या अंधारात माणसं रानात असतात. पानाआड काही हललं, तर आधी चेहरा दिसला पाहिजे. ती माझी मावशीही असू शकते."

आई चहाचा कप हातात धरून गप्प बसली होती. ज्या क्षणी वेळ जातो, त्या क्षणी समोरचा गोळी झाडू शकतो, हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. मी लाकूड, माशी आणि मिलिमीटर यांत रमलो होतो, याची मला लाज वाटली.

ऑक्टोबरमध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्या रविवारी मिस्सानंतर ती दाराशी थांबली होती.

"फादर, आता त्याला नाताळची रजा मिळेल का हो?"