खुर्चीला तिकीट

एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी माझ्या वडिलांनी जन्मभर वैर केलं. दर मे महिन्यात आम्ही डोंबिवलीहून चिपळूणला जायचो. गाडी फलाटाला लागते न लागते तोच लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत फेकायचे. एकदा तर एकाने स्वतःचं पोरगंच आत ढकललं होतं. बाबा शांतपणे चढायचे, सीटवरचा रुमाल दोन बोटांत उचलायचे आणि खिडकीबाहेरच्या मालकाला परत देत विचारायचे, "रुमालाला तिकीट काढलंय का?" मला बाबांचा फार अभिमान वाटायचा. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हे आठवायचं कारण असं, की २०१५ च्या फेब्रुवारीत बॉस्टनमध्ये मी जे केलं ते बाबांच्या जोरावर केलं. तेव्हा मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं होतं. आज वाटत नाही.

आम्ही बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात राहतो, सॅव्हिन हिल स्टेशनजवळ. गल्लीत सगळी तीन मजली लाकडी घरं, एकेका मजल्यावर एकेक बिऱ्हाड, आणि गाड्या रस्त्याच्या कडेला. इथे एक रीत आहे. मोठा बर्फ पडला की ज्याने खपून आपली गाडी उकरून काढली, तो बाहेर जाताना त्या मोकळ्या जागेत काहीतरी ठेवून जातो. मोडकी खुर्ची, रस्त्याच्या कामावरचा नारिंगी शंकू, इस्त्रीचं टेबल, कचऱ्याचा डबा. एका घरापुढे तर नाताळच्या देखाव्यातला प्लास्टिकचा मेंढपाळ पहारा देत उभा असायचा. त्या जागी दुसऱ्याने गाडी लावायची नाही. लावली तर काच फुटते, टायर फाटतो, असं लोक सांगतात. महापालिकेनेही ही रीत मान्य केल्यासारखीच आहे: हिमसंकटाची घोषणा उठल्यावर ४८ तास वस्तू ठेवा, मग उचला. साउथ एंड या भागाने मात्र त्याच हिवाळ्यात 'आमच्याकडे हे चालणार नाही' असं ठरवलं होतं. मी राहायला डॉर्चेस्टरचा, पण मताने साउथ एंडचा. रस्ता सार्वजनिक. कर सगळे भरतात. खुर्ची ठेवून रस्ता आपला करायचा म्हणजे सुशिक्षित गुंडगिरी, असं मी पार्ट्यांमधून तावातावाने सांगायचो. रुमालाची गोष्टही सांगायचो. हशा पिकायचा.

मला हे परवडत होतं, कारण माझी गाडी घरामागे घरमालकाच्या जागेत असायची आणि कामावर मी आगगाडीने जायचो. इथे तिला नुसतं 'टी' म्हणतात.

मग तो हिवाळा आला. २७ जानेवारीच्या वादळात विमानतळावर २४.६ इंच बर्फ मोजला गेला. तो वितळायच्या आत दुसरं वादळ, मग तिसरं. एकट्या फेब्रुवारीत ६४.८ इंच. आपल्याकडे मासळीवरचा, गोळ्याच्या गाडीवरचा आणि हिमालयातला, सगळ्याला एकच शब्द, बर्फ. त्यामुळे डोंबिवलीच्या आईला फोनवर हे समजावता येत नाही. ती म्हणायची, "छान कापसासारखं दिसत असेल नाही रे?" पहिल्या दिवशी दिसतं. चौथ्या दिवशी तो राखाडी दगड होतो.

टीचं काय झालं तेही सांगतो. आमच्या रेड लाइन या मार्गावर, उघड्यावरच्या भागातही, गाडीला वीज मिळते ती रुळांशेजारी जमिनीलगत असलेल्या तिसऱ्या रुळातून. त्यावर बर्फाचा थर गोठला की वीज पोचत नाही. शिवाय रेड लाइनवरचे काही डबे १९६९-७० चे होते. भुरभुरीत बर्फ त्यांच्या मोटारींत शिरायचा, वितळायचा आणि मोटारी जळायच्या. ९ फेब्रुवारीला संध्याकाळी सात वाजता सगळ्या गाड्या थांबवल्या आणि १० तारखेला दिवसभर बंद ठेवल्या. ११ तारखेला टीच्या प्रमुखांनी राजीनामा जाहीर केला.

त्या ९ तारखेला मी गाडी घेऊन कामावर गेलो होतो. शाळा बंद, कचेऱ्या बंद, पण प्रयोगशाळेतल्या पेशींना सुट्टी नसते. त्यांचं खाणं बदलावंच लागतं. रात्री आठला परत आलो तर बर्फ ढकलणाऱ्या ट्रकने घरामागे जायच्या वाटेवर कंबरभर भिंत उभी केलेली. गल्लीत एकच जागा मोकळी होती. स्वच्छ, चौकोनी, काळं डांबर दिसेपर्यंत खरवडलेली. तिच्या मधोमध स्वयंपाकघरातली एक खुर्ची. लाल रेक्झिनची, फाटक्या जागी चिकटपट्टी लावलेली, एका पायाला सुतळी.

मी खाली उतरलो, खुर्ची दोन बोटांत उचलली (खरंच, अगदी बाबांसारखी) आणि बर्फाच्या ढिगावर ठेवली. गाडी लावली. वर जाऊन बायकोला म्हणालो, "खुर्चीला तिकीट काढलंय का?" ती हसली नाही.

साडेअकराच्या सुमारास खाली गाडीचा आवाज थांबला म्हणून पडदा सरकवून पाहिलं. समोरच्या घरात तळमजल्यावर राहणारी हैतीची बाई. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्याचं, अंघोळ घालण्याचं काम करायची; त्या दिवशी दुपारची पाळी होती. ती उतरली. माझ्या गाडीकडे पाहिलं, ढिगावरच्या खुर्चीकडे पाहिलं. मी काचेचा आवाज ऐकायच्या तयारीत उभा. तिने ढिगावर चढून खुर्ची काढली, डिकीत टाकली आणि निघून गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी ती चालत परत आली, रस्त्याच्या मधून, कारण पदपथ उरलेच नव्हते. पहाटे सव्वापाचला ती पुन्हा तशीच चालत गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या बंद म्हणून सकाळच्या पाळीच्या मुली येऊ शकणार नव्हत्या, त्यांच्या जागी हिला बोलावलं होतं. हे मला नंतर कळलं.

लगेच माझं मन बदललं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्या सकाळी मला वाईट वाटलं, पण मुद्दा माझाच बरोबर वाटत होता. वाईट वाटणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं.

मत बदललं फावड्याने. १० तारखेला दुपारी मी गाडी काढून घरामागे न्यायची ठरवली, तर ट्रक पुन्हा येऊन गेलेला आणि गाडीच्या अंगाला बर्फाचा बांध. तो बाजूला करून मग घरामागची वाट मोकळी करायची होती. बर्फ रस्त्यावर फेकायला कायद्याने बंदी, पदपथ अडवायचा नाही, म्हणजे प्रत्येक फावडं डोक्याच्या उंचीवर फेकायचं. अर्ध्या तासाने पाठ बोलायला लागली. शास्त्राचा माणूस, म्हणून दम खात हिशोब केला: साडेपाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, पाऊण मीटर उंच, आणि दबलेला बर्फ घनमीटरला साधारण दोनशे किलो. एका गाडीच्या जागेसाठी दीड टनाच्या वर. ती पन्नाशीची बाई कामावर जायच्या आधी दीड टन बर्फ उचलून गेली होती, आणि मी तिला विचारत होतो तिकीट काढलंय का.

रुमाल टाकणारा सीट बनवत नाही. सीट महामंडळाची, आधीपासून तिथे असते. ही जागा नव्हतीच. त्या रात्री रस्ता सार्वजनिक होता तो फक्त कागदावर. प्रत्यक्षात तिथे बर्फ होता, आणि त्यातली पाच मीटर तिने बनवली होती. पार्ट्यांमध्ये मी ज्यांना गुंड म्हणायचो ते बहुतेक असेच होते: परिचारिका, स्वयंपाकी, रात्रीचे सफाईवाले. 'घरीच थांबा' हे आवाहन त्यांच्यासाठी नव्हतंच. आगगाडी बंद पडली की त्यांच्यासाठी उरते ती गाडी, आणि गाडीसाठी ती जागा.

घरामागची वाट झाल्यावर मी ती जागा पुन्हा खरवडून काढली आणि संध्याकाळपर्यंत खिडकीतून तिच्यावर डोळा ठेवून बसलो. ती बाई आली तेव्हा खाली जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "माझी खुर्ची होती." एवढंच. 'असू दे' वगैरे काही म्हणाली नाही. खुर्ची डिकीतून काढून घरात घेऊन गेली.

या रितीबद्दल माझ्या तक्रारी अजून आहेत. चार इंच बर्फात खुर्ची मांडणारे आहेत, मार्चपर्यंत शंकू न हलवणारे आहेत, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करायला दुसऱ्या वस्तीतून येणाऱ्या बाईने गाडी कुठे लावायची याचं उत्तर कुणाकडेच नाही. टायर फाडणाऱ्याला मी आजही गुंडच म्हणेन.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चिपळूणच्या गाडीत एकदा एक बाई होती. रुमाल परत दिला तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. ती उभीच राहिली खेडपर्यंत." ही गोष्ट त्यांनी याआधी कधी सांगितली नव्हती.

त्या हिवाळ्यात एकूण ११०.६ इंच बर्फ पडला. तो बॉस्टनचा विक्रम आहे. शहरभरातून ट्रकने नेऊन बंदराजवळ रचलेला ढीग पुरता वितळला तो १४ जुलैला. आता आमचीही गाडी रस्त्यावरच असते. तळघरात हिरवी प्लास्टिकची एक खुर्ची ठेवली आहे. मोठा बर्फ पडला की ती मांडतो, आणि ४८ तास झाले की उचलतो.