अवचितगडाचा मावळा किती उंच असावा?

१/ दिवाळीत अंगणोअंगणी उभ्या राहणाऱ्या किल्ल्यांवर एक दृश्य हमखास दिसते. तट वीतभर उंच, आणि पहारेकऱ्याचे डोके बुरुजाच्याही वर. सिंहासनावरचे महाराज तर अख्ख्या गडापेक्षा मोठे. मुलांच्या किल्ल्यात हे शोभून दिसते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्यांना विशिष्ट गडाचा, विशिष्ट काळातला देखावा उभारायचा आहे, त्यांनी माती कालवण्याआधी सैनिक निवडावा. पुढचे सारे त्याच्या उंचीवर ठरते. हा धागा त्या निवडीविषयी आहे.

२/ उदाहरणासाठी रोह्याजवळचा अवचितगड घेऊ. कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा हा गड सुमारे ३०० मीटर उंच आहे. बाजारातला मातीचा किंवा प्लास्टरचा मावळा साधारण १० सेंटिमीटरचा असतो. माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर हे प्रमाण झाले १:१६. त्या प्रमाणात अवचितगडाचा डोंगर करायचा म्हटले तर तो जवळजवळ १९ मीटर उंच होईल. रोह्यातल्या कोणत्याही वाड्याच्या अंगणात तो मावणार नाही!

३/ लहान सैनिक घेतले तर? १:३२ प्रमाणाचा सैनिक ५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, १:७२ चा सव्वादोन सेंटिमीटरच्या. १:७२ ला देखील डोंगर ४ मीटरच्या वर जातो. तेव्हा संपूर्ण गड आणि खरा माणूस एकाच देखाव्यात बसत नाहीत, हे आधीच मान्य करावे. गडाचा एक तुकडा निवडावा: एखादा दरवाजा, एखादा बुरुज, किंवा अवचितगडावरचे ते देखणे बारा कोनी टाके. ५ मीटरचा तट १:३२ ला जेमतेम १६ सेंटिमीटर होतो. एका पाटावर मावणारे काम.

४/ यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे: साल कोणते? अवचितगडावर एक शिलालेख आहे. त्यात शके १७१८, नल नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काळ दिला आहे. म्हणजे इ.स. १७९६. शिवछत्रपतींच्या निधनाला तेव्हा ११६ वर्षे झाली होती. सवाई माधवराव आदल्याच वर्षी वारले होते आणि पुण्यात पेशवाईच्या गादीवरून राजकारण पेटले होते. हा शिलालेख देखाव्यात दाखवायचा आणि त्याच्याखाली १६६० च्या सुमाराचा ढाल-तलवारवाला उभा करायचा, हे चालणार नाही. १७९६ च्या पहारेकऱ्याच्या हाती तोड्याची बंदूक असावी. शेजारच्याच्या खांद्यावर चकमकीची बंदूकही शोभेल. ज्यांना शिवकाळच दाखवायचा आहे, त्यांनी शिलालेख मुकाट्याने वगळावा.

५/ शिवकाळातही प्रत्येक जण तलवार उगारून धावत नव्हता. कोकणातले हेटकरी नेमबाजीसाठी नावाजलेले होते. रायगड जिल्ह्यातल्या गडावर बंदूकधारी हेटकरी नसेल, तर तो देखावा अपुरा समजावा. गंमत अशी की बाजारातल्या संचात वीस मावळे असले तर त्यांतले अठरा एकाच साच्यातून निघालेले तलवारबाज असतात आणि बंदूकवाला मिळालाच तर तो आधुनिक शिपायासारखा सावधान उभा असतो. कोकणच्या इतिहासातला एक पूर्ण वर्ग साच्याअभावी मुलांच्या डोळ्यांसमोरून नाहीसा झाला आहे.

६/ पोशाखाचेही तसेच. सगळ्यांना एकच भगवा फेटा आणि एकच लाल पट्टा ही रंगवणाऱ्याची सोय आहे. मावळ्यांना गणवेश नव्हता. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफने पायदळाचा वेश वर्णिला आहे तो असा: मांडीच्या मध्यापर्यंत येणारा आखूड चोळणा, कमरेला घट्ट आवळलेला लांब शेला, डोक्याला पागोटे, आणि क्वचित सुती अंगरखा. घोटापर्यंत सुरवार आणि पायांत चढाव घातलेला 'मावळा' दिसला, की तो खुशाल मागे ठेवावा. घोडेस्वार घेताना घोडाही पाहावा. दख्खनी तट्टू ठेंगणे आणि काटक; साच्यातला घोडा बहुधा युरोपातल्या पुतळ्याखालून उठून आलेला असतो.

७/ आता पेणकडे वळू. रोह्याहून फार लांब नाही, आणि मूर्ती कशी पारखावी हे शिकायला याहून चांगली जागा नाही. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. तिथे प्लास्टरची मूर्ती भरीव नसते. साच्याच्या आतून प्लास्टरचा थर देतात, काथ्याने बळकटी आणतात, आत पोकळी राहते. इंग्लंडात विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक काढले, तेही याच न्यायाने: साच्यात वितळलेला धातू ओतायचा, भिंतीला लागलेला थर गोठला की उरलेला बाहेर काढायचा. वजन घटले, किंमत घटली, आणि ५४ मिलिमीटरचा सैनिक घरोघर पोचला.

८/ साचा मात्र म्हातारा होतो. रबरी साच्यातून शेकडो नग काढले की कडा बोथट होतात. आधी बोटे एकमेकांना चिकटतात, मग मिशी ओठात विरते, शेवटी पागोट्याच्या पिळाचे नुसते टेंगूळ उरते. रंगारी हे सारे झाकू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे न रंगवलेला, पांढरा नग मागावा. तो खिडकीशी तिरप्या उजेडात धरावा, म्हणजे सावल्या खरे बोलतात. बगलेतून आणि मानेमागून नख फिरवावे. साच्याच्या सांध्याची रेघ तिथे लागते. थोडी रेघ पॉलिश कागदाने जाते. दोन्ही अर्धे सरकून चेहरा वाकडा झाला असेल, तर त्याला उपाय नाही.

९/ पेणच्या कारागिरांत डोळ्यांची आखणी हे सर्वांत मानाचे काम. १० सेंटिमीटरच्या सैनिकालाही तोच नियम लावावा. भोवती पांढरे आणि मध्ये काळा ठिपका असे विस्फारलेले डोळे दिसले की सैनिक घाबरलेला वाटतो. या आकारात वरच्या पापणीची एक गडद रेघ आणि तिच्याखाली सावली पुरते. १:७२ ला तर डोळे काढूच नयेत.

१०/ शस्त्राचा हिशोब कठोर आहे. दोन बोटे रुंद पाते १:१६ ला दोन-अडीच मिलिमीटरचे होईल. प्लास्टर त्या जाडीला टिकत नाही, म्हणून कारागीर पाते जाड करतो आणि मावळ्याच्या हाती वल्हे आल्यासारखे दिसते. त्याचा दोष नाही, द्रव्याचा आहे. रिकामी मूठ असलेला नग मिळाला तर तो सोडू नये. मुठीला बारीक भोक पाडून पत्र्याची पातळ पट्टी बसवावी. भाल्याला खराट्याची काडी पुरते. अडीच मीटरचा भाला म्हणजे साधारण साडेपंधरा सेंटिमीटर.

११/ प्लास्टिकचे १:७२ चे परदेशी संच बारकाव्यात सरस असतात, यात वाद नाही. पण त्यांत नेपोलियनच्या काळचे युरोपीय सैनिक विपुल. उंच टोपी आणि दुहेरी बटणांचा कोट कापून मावळा घडवण्यात उन्हाळ्याची सुट्टी संपते, आणि मावळ्याच्या अंगात कोट राहतोच.

१२/ शेवटी, गडावर रोज लढाई होत नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांच्या कारभारावर गड चाले. हजेरी, कोठार, दारूगोळा यांचे हिशोब ठेवले जात. दिवाळीच्या संचात मावळ्यांबरोबर गवळण, भाजीवाली आणि तराजू घेऊन बसलेला वाणी असतो. इतिहासप्रेमी मंडळी त्याला बहुधा खोक्यातच ठेवतात. त्याला बाहेर काढावे, तराजू खरवडून मांडीवर कागदाची वही द्यावी, पागोटे नीट रंगवावे आणि कोठाराच्या दारात बसवावे. अवचितगडाला कारखानीस मिळेल.