दुसऱ्या उकळीचें सूप

इटलीचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें रोमचे भग्न प्रासाद उभे राहतात. परंतु एकाद्या प्रदेशाची खरी ओळख दिवाणखान्यापेक्षां स्वयंपाकघरांतच लवकर होते. मध्य इटलींतील टस्कनी प्रांत पाहावयाचा तर हिंवाळ्यांत, चुलीपाशीं बसून पाहावा. त्या दिवसांत फ्लॉरेन्स शहराभोंवतीं, आर्नो नदीच्या खोऱ्यांत, दमट गारठा पसरतो व रात्रीं पारा शून्याच्या आसपास उतरतो. अशा वेळीं तेथें जें दाट सूप रटरटतें, त्याचें नांव ‘रिबोल्लिता’, म्हणजे ‘पुन्हां उकळलेलें’.

या नांवांतच त्याचा इतिहास आहे. टस्कनींतील शेती शतकानुशतकें बहुतांशीं अर्धेलीनें चाले. पिकाचा अर्धा वाटा जमीनदाराच्या कोठारांत जाई आणि उरलेल्या अर्ध्यांत शेतकऱ्याचें एकत्र कुटुंब वर्ष काढी. पाव एकदांच पुष्कळसा भाजून ठेवीत, म्हणून तो बहुधा शिळाच खावा लागे. या प्रांतींचा पाव बिनमिठाचा; त्याला स्वतःची चव बेताची, पण दुसऱ्याचा रस तो चटकन शोषून घेतो. जोडीला पांढऱ्या घेवड्याचे सुके दाणे. टस्कन लोकांना इतर इटालियन थट्टेनें ‘घेवडेखाऊ’ म्हणतात, तें यामुळेंच. मूळचा अमेरिकेचा हा घेवडा सोळाव्या शतकांत तेथें आला आणि घरचाच होऊन बसला.

चार-पांच माणसांसाठीं २५० ग्रॅम घेवडा रात्रभर भिजवून मंद आंचेवर मऊ शिजवावा. अर्धे दाणे अख्खे ठेवून अर्धे त्याच पाण्यांत घोटावे. ऑलिव्हच्या तेलांत कांदा, गाजर व सेलरीचे दांडे बारीक चिरून परतावे. त्यांत टोमॅटो, बटाटा, कोबी आणि ‘काव्होलो नेरो’, म्हणजे काळा कोबी, घालावा. या काळ्या कोबीला गड्डा नसतो. सुरकुतलेलीं गर्द पानें असतात, व हिंव पडल्यावर तीं अधिक गोड लागतात. म्हणून या सुपाचा हंगाम थंडीचाच. कित्येक घरीं त्यांत डुकराचें मांसही टाकीत. परंतु कॅथलिकांच्या निर्मांस शुक्रवारीं तें त्यावांचून होई. भाज्या शिजल्यावर घेवडा व मीठ घालून, सुपाचे आणि शिळ्या पावाच्या कापांचे थर द्यावे व भांडें झांकावें.

खरें काम मग रात्रभर चालतें. पाव रस पितो, घोटलेला घेवडा दाटतो, आणि दुसऱ्या दिवशीं उकळी आली कीं सर्व एकजीव होतें. ही चव पहिल्या दिवशीं कितीही तेल ओतलें तरी येत नाहीं.

१९६४ च्या कायद्यानें इटलींत अर्धेलीचे नवे करार बंद झाले. अर्धा वाटा नेणारा धनी गेला, सूप मात्र राहिलें. आज फ्लॉरेन्सच्या खानावळींत तें पाहुण्यांपुढें मानानें येतें. टंचाई गेली याचें दुःख कोणीं करूं नये. पण टंचाईनें गृहिणीला दिलेली नजर टिकली पाहिजे. रात्रीच्या पोळ्यांची सकाळीं फोडणीची पोळी करणाऱ्या आपल्या घरांना ती नजर परकी नाहीं.

काळा कोबी न मिळाल्यास पालक व कोबी यांवर भागवावें, आणि आपल्या हवेंत भांडें रात्रीं शीतकपाटांत ठेवावें. एवढें मात्र सांभाळावें कीं, वासानें मोहून मंडळींनीं तें पहिल्याच दिवशीं संपवूं नये.