कोऱ्या चौकटी

ऑटोकॅडच्या मॉडेलमध्ये इमारत धडधाकट उभी, लेआउटवर गेलं की चौकट कोरी. आधी एवढंच बघायचं: सगळंच गेलंय की थोडंसं? सगळं गेलं असेल तर दोष व्ह्यूपोर्टचा, म्हणजे त्या चौकटीचाच. भिंती दिसताहेत आणि कॉलम नाहीत, तर बहुतेक लेयरचा. हे न बघता जुनी चौकट उडवून नवी काढणारे वाशी-बेलापूरच्या ऑफिसांत पुष्कळ.

*

चौकटीवर राइट क्लिक केलं की 'डिस्प्ले व्ह्यूपोर्ट ऑब्जेक्ट्स' येतं. मशीन हलकं चालावं म्हणून कोणीतरी ते 'नो' करतं आणि जेवायला जातं.

एका लेआउटवर ६४ च्या वर व्ह्यूपोर्ट चालू राहत नाहीत. ही वेळ क्वचित येते. गंमत म्हणजे जास्तीची चौकट स्क्रीनवर कोरी असली तरी प्रिंटमध्ये नीट उमटते.

*

नवी मुंबईत खरा छळ सर्व्हेचा. टोटल स्टेशनवरून आलेला सर्व्हे पुष्कळदा यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात असतो. त्यात बेलापूरचे आकडे पूर्वेला सुमारे २ लाख ९० हजार मीटर, उत्तरेला सुमारे २१ लाख मीटर. आर्किटेक्टचा प्लॅन मात्र शून्याला चिकटून, मिलिमीटरमध्ये. दोन्ही एका फाइलीत आले की 'झूम एक्स्टेंट्स' दाबल्यावर एक ठिपका या कोपऱ्यात, दुसरा त्या कोपऱ्यात, मधे नुसता काळोख. चौकट त्या काळोखावर रोखलेली. सर्व्हे मिलिमीटरमध्ये मोठा केला तर आकडा २१० कोटींवर जातो. मग हॅच भरायला नकार देतं आणि रेषा थरथरल्यासारख्या दिसतात.

सर्व्हेच उचलून शून्यावर टाकायचा, हा सगळीकडचा उपाय. मला तो पटत नाही. साइटवर लाइनआउट करणाऱ्याला मूळ आकडेच लागतात, आणि कोणी किती सरकवलं हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. मूळ फाइलीला हात लावू नये. प्लॅनच्या फाइलीत ती एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेली फाइल म्हणून आणावी आणि सरकवायचं-फिरवायचं ते तिथेच.

*

एककाचा घोळ. मीटरमध्ये काढलेली २० मीटरची भिंत, शीट मिलिमीटरची, व्ह्यूपोर्टला स्केल १:१००. कागदावर भिंत ०.२ मिलिमीटर! स्क्रीनवरची धूळ समजून लोक पुसायला जातात. इथे १०:१ द्यायचं.

*

लेयर ऑफ करणं आणि फ्रीज करणं एकच, असं मानणाऱ्यांनी ब्लॉकपासून जपावं. ज्या लेयरवर ब्लॉक किंवा एक्सरेफ बसवलाय तो ऑफ केला तर आतल्या, आपापल्या लेयरवरच्या रेषा दिसत राहतात. फ्रीज केला तर अख्खा तळमजला गुल. 'व्हीपी फ्रीज' तर त्याहून बेरकी: एकाच चौकटीपुरतं. चौकटीत डबल क्लिक करून आत शिरावं, मग लेयरच्या यादीत तो रकाना तपासावा.

*

आर्किटेक्ट वाशीत, आरसीसी कन्सल्टंट खारघरला, फाइल पेनड्राइव्हवर. आत एक्सरेफचा पत्ता 'डी' ड्राइव्हचा, तो पहिल्याच्या मशीनवर. दुसऱ्याकडे रेषांच्या जागी नुसतं फाइलचं नाव. ई-ट्रान्समिट करून, जोडलेल्या फाइलींसकट पाठवायला दोन मिनिटं लागतात, पण फोनवर भांडायला लोकांना वेळ असतो.

*

नवी मुंबई वसवणारी सिडको १७ मार्च १९७० ची, ऑटोकॅड १९८२ चं, त्यात पेपर स्पेस, म्हणजे लेआउटची जागा, आली १९९० मध्ये. म्हणजे या शहराची पहिली सेक्टरं हातानेच ट्रेसिंगवर काढलेली. त्या कागदावर शाई ब्लेडने खरवडली तरी ओरखडा राही, त्यावरून काय होतं ते कळे. फ्रीज केलेल्या लेयरचा ओरखडा राहत नाही.

*

मापं गेली आणि भिंती आहेत: अ‍ॅनोटेटिव्ह स्केल बघावं. चौकटीचं स्केल त्या मापाच्या यादीत नसेल तर माप लपतं.

*

स्क्रीनवर दिसतं, छापलं जात नाही: डेफपॉइंट्स लेयर, त्यावरचं काही छापलंच जात नाही.

दोष तिथेही नसेल तर रंग. ७ नंबरचा पांढरा कागदावर काळा होतो; ट्रू कलरमधला २५५,२५५,२५५ पांढराच राहतो, मोनोक्रोमची प्लॉट स्टाइल लावली तरी. सबमिशनच्या आदल्या रात्री कंपाउंड वॉल जाते ती पुष्कळदा यातच.