राव्हेलची मजार

पियानो म्हणजे आमच्या पिढीला हिंदी सिनेमातला. पार्टी रंगलेली असते, नायक पियानोवर बसून दर्दभरं गाणं म्हणतो आणि नायिका दुसऱ्याच्या शेजारी उभी राहून डोळे पुसते. पियानोशी माझी ओळख एवढीच होती. सोलापूरच्या उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या मास्तराचा फ्रान्सच्या पियानोशी काय संबंध?

संबंध आला तो रात्री पेपर तपासताना. मुलीच्या फोनवर सतार लावली होती. ती कधी संपली आणि पुढचं आपोआप कधी सुरू झालं, ते कळलंच नाही. पाण्यावर वाऱ्याने बारीक लाटा उठाव्यात तसे सूर येत होते. घाई होती, पण गोंगाट नव्हता. लाल पेन खाली ठेवला आणि नाव पाहिलं. मॉरिस राव्हेल, ‘ल तोंबो द कुपरँ’. मुलीला विचारलं तर म्हणाली, "अब्बू, तोंबो म्हणजे कबर. मजार म्हणा."

मला आश्चर्य वाटलं. हे संगीत तर जवळजवळ नाचरं होतं. मजारीवर असं कोण वाजवतं?

मग शोध घेतला. कुपरँ हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार. तो 1733 मध्ये वारला. गेलेल्या उस्तादाच्या नावाने रचना करायची आणि तिला ‘तोंबो’ म्हणायचं, अशी फ्रान्समधली जुनी रीत. आपल्याकडे हालींनी गालिबचा मर्सिया लिहिला, तसंच काहीसं. राव्हेलने ही रचना 1914 मध्ये हातात घेतली आणि 1917 मध्ये पूर्ण केली. मधल्या काळात पहिलं महायुद्ध होतं. राव्हेल शरीराने लहानखुरा, वजन कमी. वैमानिक व्हायची इच्छा होती, पण घेतलं नाही. शेवटी व्हर्दंच्या आघाडीजवळ तो लष्करी ट्रक चालवत होता. 1917 च्या जानेवारीत त्याची आई गेली. त्याच वर्षी सैन्यातून सुटका झाल्यावर त्याने हे काम संपवलं. सहा तुकडे. प्रत्येक तुकडा युद्धात मेलेल्या ओळखीच्या माणसांच्या नावे. छापील प्रतीच्या मुखपृष्ठावरचा रक्षापात्रही त्याने स्वतः रेखाटला.

आता गंमत अशी, की या सहा तुकड्यांत छाती पिटणं कुठेच नाही. सुरुवातीला प्रेल्यूद आणि फ्यूग, शेवटी तोकाता, आणि मध्ये तीन जुने दरबारी नाच: फोर्लान, रिगोदों आणि मेन्युए. राव्हेलने कुपरँच्या काळाचे साचे घेतले आणि त्यांत स्वतःच्या काळाचे सूर भरले. पुढे या वळणाला नवअभिजात म्हणू लागले. उर्दू वाचणाऱ्याला हे समजवायला नको. मतला, काफिया, रदीफ जुनेच असतात. साकी आणि रकीबही जुनेच. पण फैजने तेच शब्द वापरून आपल्या काळाचं दुःख सांगितलं. साचा जुना असला की ऐकणाऱ्याचा पाय जमिनीवर राहतो, आणि मग नवी गोष्ट अलगद आत शिरते.

मला सगळ्यात हलवलं ते रिगोदोंने. हा तुकडा पियेर आणि पास्काल गोदँ या दोन भावांसाठी. 1914 मध्ये दोघे एकाच तोफगोळ्याने गेले. त्यांच्या नावचा तुकडा सुरू होतो तो दार धाडकन उघडून दोन पोरं घरात घुसावीत तसा. हसरा, दणकट. मध्येच तो एकदम हळू होतो, लांब कुठेतरी कुणी पावा वाजवावा तसा. पुन्हा दार उघडतं, पुन्हा तीच मस्ती, आणि संपतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. पाचव्या-सहाव्या वेळी कळलं, की राव्हेलने मरण लिहिलंच नाही. त्याने ती दोन पोरं लिहिली, जशी होती तशी.

त्या काळीही काहींना हे संगीत मृतांसाठी फार हलकं वाटलं. त्यावर राव्हेल म्हणाला, की मेलेले तसेही पुरेसे दुःखी असतात, असं सांगतात. 11 एप्रिल 1919 रोजी पॅरिसच्या साल गाव्हो सभागृहात ही रचना पहिल्यांदा वाजली. वाजवणारी होती मार्गरीत लाँ. शेवटचा तोकाता तिच्या नवऱ्याच्या नावे होता. तो 1914 च्या ऑगस्टमध्येच युद्धात मारला गेला होता. बोटं मोडतील इतका अवघड तुकडा, एकेका सुराचा पाऊस, आणि शेवटी उजेडात जाऊन थांबणारा. त्या बाईने तो हजारो डोळ्यांसमोर कसा वाजवला असेल, याचा विचार केला की माझ्या हातातला पेन आजही थांबतो.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण हे सगळं त्यासाठीच लिहायला घेतलं.

बीएडला माझा एक दोस्त होता. एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. माझी पाठ टाचणं तो उतरवायचा आणि त्याच्या चुका माझ्या नावावर खपवायचा. एका सराव पाठात त्याने तक्ता उलटा टांगला. निरीक्षक मागे बसलेले. हा गडबडला नाही. वर्गाला म्हणाला, "आता सांगा पाहू, यात चूक काय आहे?" पोरांनी हात वर केले. निरीक्षकांनी शेरा लिहिला: विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.

2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्याला नेलं. जनाजाला मोजकी माणसं होती. मी त्यांत नव्हतो. माझ्या घरातही ताप होता, दार बंद होतं. नंतर वार्षिकांकासाठी त्याच्यावर श्रद्धांजली लिहिली. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, न भरून निघणारी पोकळी. माझ्या शुद्धलेखनात एक चूक सापडली नसती.

तो अंक घेऊन त्याच्या अम्मींकडे गेलो. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बेटा, सब अच्छाच लिखा तू. पर मेरा बच्चा किधर है इसमें?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या घरी जायचं मी टाळू लागलो.

राव्हेलची आणखी एक गोष्ट मला जवळची वाटते. 1916 मध्ये फ्रान्समध्ये एका संघटनेला जर्मन आणि ऑस्ट्रियन समकालीन संगीत वाजवण्यावर बंदी हवी होती. राव्हेल तेव्हा गणवेशात होता, त्याचे मित्र त्याच जर्मनांशी लढताना मरत होते. तरी त्याने सामील व्हायला नकार दिला. ऑस्ट्रियाच्या शोनबर्गचं महत्त्व त्याने तेव्हाही नाकारलं नाही. "तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं छान कसं बोलता?" हे वाक्य दर प्रशिक्षणात ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला, आणि "उर्दू शाळेत मराठीचं एवढं काय कौतुक?" हेही ऐकणाऱ्याला, त्या नकाराची किंमत कळते.

काही वाचक विचारतील, संगीत ऐकावं का? त्यावर आपल्याकडे मतभेद आहेत, ते मी सोडवू शकत नाही. मी फक्त एवढं सांगतो, की या पंचवीस मिनिटांनी मला एका राहिलेल्या कर्जाची आठवण करून दिली.

मागच्या रमजानआधी मी पुन्हा लिहायला बसलो. या वेळी एकही विशेषण घेतलं नाही. उलटा तक्ता लिहिला. खोलीतल्या स्टोव्हवर जळलेली खिचडी आणि "कुरकुरीत झाली" म्हणून ती संपवणारा तो लिहिला. निकालाच्या दिवशी माझा नंबर आधी शोधणारा आणि स्वतःचा विसरणारा तो लिहिला.

अम्मींकडे गेलो आणि वाचून दाखवलं, मराठीतून, मध्ये मध्ये आपल्या बोलीत समजावत. तक्त्याच्या जागी त्या हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. खिचडीपाशी म्हणाल्या, "घर में भी ऐसाच करता था." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

निघताना त्यांनी तो कागद मागून घेतला. वाचता येत नसतानाही घडी घालून कुराणशरीफच्या शेजारच्या कप्प्यात ठेवला. "आते रहना," म्हणाल्या.

आता जातो. दर महिन्याला.