कोपर वर

पोहायला मी शिकले मानवत तालुक्यातल्या आमच्या विहिरीत. बाबांनी पाठीला पाच लिटरचा रिकामा डबा बांधला, पायऱ्यांवरून आत सोडलं आणि उन्हाळा सरायच्या आत डबा सुटला. पुढं जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी आलं की चुलत भावांबरोबर तिकडंही जायचे. कालव्याच्या सिमेंटच्या उतारावर शेवाळ धरतं, पाय ठरत नाही, म्हणून बाबा दोर घेऊन काठावर उभे असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, असा घरचा दंडक होता. आठवीला परभणीला आत्याकडे शिकायला आले तेव्हा दम आणि खांदे तयारच होते.

पण विहीर लांबी शिकवत नाही. तिथं खोली असते, गोल फिरणं असतं, आणि डोकं कायम वर ठेवावं लागतं, कारण वरून कोण कधी मुटका मारेल याचा नेम नसतो. डोकं वर म्हणजे कंबर खाली, पाय त्याहून खाली. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन, त्यामुळं बुडालेले पाय ओढत नेण्यातच निम्मी ताकद जाते. शहरातल्या तलावावर सरांनी पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला: नजर तळाच्या काळ्या रेघेवर, आणि श्वास घेताना एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे.

2015 साली सतरा वर्षांखालील मुलींच्या गटात जिल्ह्यातून निवड झाली आणि विभागीय स्पर्धेला तेव्हाच्या औरंगाबादला गेले. शेजारच्या लेनमधली मुलगी माझ्यापेक्षा सावकाश हात मारत होती आणि तरी पुढं जात होती. शर्यत संपल्यावर सरांनी घड्याळ दाखवलंच नाही. म्हणाले, ‘‘पंचवीस मीटरला तुझे अठ्ठावीस हात झाले, तिचे वीस. तू पाणी नुसतं बडवतेस.’’

परत आल्यावर सरांनी मुठी मिटून पोहायला लावलं. तळवा नाही म्हटल्यावर पाणी धरायला उरतो तो कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. कोपर खाली पडलं की हात पाण्यातून नुसता सरकतो, शरीर जागचं हलत नाही. कोपर वर राहिलं आणि पुढचा हात उभा झाला, की पाणी अडतं आणि आपण त्याच्या पुढं जातो. मुठी उघडल्यावर पहिले चार-पाच हात तळवा केवढा मोठा झालाय असं वाटतं. ती जाणीव फार वेळ टिकत नाही, म्हणून पुन्हा मुठी, पुन्हा तळवा.

हे अंगात मुरायच्या आतच 2016चा उन्हाळा आला. जायकवाडीचा नाथसागर मृतसाठ्यावर गेला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि परभणीत नळाला पाणी कधी येईल याची आत्या रोज चौकशी करायची. तलाव बंद झाला. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ सत्तेचाळीस टँकर. गल्लीत एका टँकरभोवती घागरींची रांग लागत असताना त्या पाण्यात पोहण्याचा हट्ट मला करता आला नसता. बंद केला तेच बरोबर होतं, असं मला आजही वाटतं.

मग सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली. मधोमध कापून खिडकीच्या गजाला अडकवली, दोन टोकं दोन हातांत घेतली, कंबरेत वाकले आणि ओढायला लागले. पाण्यात कोपर दिसत नाही, इथं दिसतं. चुलत भावाच्या मोबाइलवर कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे व्हिडिओ पाहायचे. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेलेला हा पोरगा. 2010च्या आशियाई स्पर्धेत त्यानं पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा खजानसिंगच्या 1986च्या रौप्यानंतर भारताला पोहण्यात पहिलं आशियाई पदक मिळालं. व्हिडिओ थांबवून त्याचं कोपर बघायचं, मग गजापाशी जायचं. आत्या भाजी निवडत समोर बसलेली असायची. ती आयुष्यात कधी पाण्यात उतरलेली नाही. पण पंधरा दिवसांत तिची नजर अशी बसली की मान वर न करता म्हणायची, ‘‘डावं पडलं बघ.’’

पावसाळ्यात तलाव भरला, तेव्हा पहिले काही दिवस पाणी परकं वाटलं, दम तर पार गेला होता. हात मोजले तेव्हा मात्र तेवीस आले.

पुढचं वर्ष बहुतेक वळणांवर गेलं. विहिरीला काठ असतो, पण तिथं आपण थांबतो. शर्यतीत भिंत वेग घेण्यासाठी असते. कोलांटी मारून दोन्ही पायांनी भिंत ढकलली आणि हात कानांमागे घट्ट जुळवले, की उडीनंतरचा सगळ्यात जास्त वेग तिथंच मिळतो. नियमानं पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. मला सहा मीटरच पुरायचे. त्यापुढं वेग मरतो आणि श्वासही.

2017ला विभागात शंभर मीटर फ्रीस्टाइलला तिसरी आले. सरांनी चारही लेंग्थचे हात वहीत लिहिले होते: 19, 21, 22, 25. घरी आत्यानं वही हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘शेवटी कोपर पडलं ना?’’

तेच झालं होतं. सरांनी त्या हिवाळ्यात सरावाचा क्रमच उलटा केला: आधी खांदे भरून येईपर्यंत दमवायचे आणि मग हात मोजायला सांगायचे.