अंदमानची हिरवी पाल

अंदमान म्हटले की आपल्याला काळे पाणी आणि सावरकरांची कोठडी आठवते. मीही सेल्युलर जेल पाहायलाच गेलो होतो. पण जन्मभराचा धडा दिला तो एका पालीने.

पोर्ट ब्लेअरला २०२४ सालापासून श्री विजयपुरम म्हणतात. तेथून फेरारगंजच्या बाजूला एका बंगाली शेतकऱ्याची वाडी पाहायला गेलो. पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबे १९४९पासून या बेटांवर वसवली गेली, त्यांतलेच हे घर. नारळ, सुपारी आणि मधूनमधून केळी.

भर दुपारी केळीच्या पानावर एक पाल बसली होती. रंग राव्यासारखा हिरवागार, पाठीवर तांबडे ठिपके. आपल्या घरातली पाल दिवेलागणीला बाहेर पडते. ही मात्र उन्हाची सोबतीण. किडे टिपते, फुलातला मधही चाटते. मूळची ही अंदमानचीच. हिचे सारे भाऊबंद पार मॅडागास्कर, मॉरिशस आणि सेशेल्सकडे, हजारो किलोमीटर समुद्रापलीकडे!

केळीची दोन-चार पाने कुरतडलेली दिसली. सवयीने मी म्हणालो, "एक फवारणी घेऊन टाका."

घरची म्हातारी हिंदीत म्हणाली, "साहेब, औषध किड्याला लागेल, तसे हिलाही लागेल ना? मग उद्या किडे कोण खाईल?"

मी गप्प झालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत पंपाला किती औषध घालायचे ते मी गावोगाव सांगितले. पण त्या पिकात आणखी कोण राहते, हे कधी विचारले नाही. आपल्या शिवारातला एखादा जीव नाहीसा झाला तर शेजारच्या शिवारातून पुन्हा येऊ शकतो. बेटावरचा गेला की कायमचा गेला.

शेतकरी बंधुभगिनींनो, पाल एकटी बाग राखील असे मी म्हणत नाही. औषध लागेल तेव्हा मारावेच. पण आधी पान उलटून पाहा, कीड मोजा, मगच पंप पाठीवर घ्या. आणि भिंतीवरची पाल विषारी समजून तिला केरसुणीने मारू नका. आपल्या घरातली पाल विषारी नसते. रात्रभर ती आपलेच किडे-डास टिपत असते.

निघताना मागे वळून पाहिले. पाल केळफुलाशी मध चाटत होती, आणि म्हातारी तिला न हलवता शेजारचे वाळके पान कापत होती.